तिसऱ्या रांगेतली जागा

आमच्या शिबिरात लेझीम खेळताना कुणी आलं नसेल तर रांग सरकवायची नाही, असा नियम होता. ज्याची जागा त्याची. मूल चार दिवस आलं नाही तर चार दिवस ती जागा रिकामी. खेळात शेजाऱ्याकडे वळून लेझीम वाजवायची वेळ आली आणि शेजारी नसला, तरी वळायचं आणि वाजवायची. कुंपणापाशी उभे राहिलेले मोठे लोक हसायचे. "यांच्या मास्तराला मुलं मोजता येत नाहीत," म्हणायचे.

मास्तर नव्हतेच ते. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. ते कांदिवलीच्या एका कारखान्यात दुपारपाळीला जायचे, म्हणून शिबिर सकाळी सहाला भरायचं आणि अकराला सुटायचं. बोरीवली पूर्वेला, डोंगर सुरू होतो तिथे तेव्हा मोकळं मैदान होतं. सगळा मे महिना आम्ही चाळीस मुलं तिथे असायचो. लेझीम, दोरीचा मल्लखांब, पळापळी, आणि मध्येच भाऊंच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, हातचे गूळ-शेंगदाणे. त्या मैदानावर मला कधीही कुणी विचारलं नाही की तू कितवीत आहेस.

हे मी मुद्दाम लिहिते, कारण मी कितवीतच नव्हते. आमची शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीची शाळा रुळांच्या पलीकडे होती आणि घरी लहान बहीण सांभाळायची होती. जूनमध्ये मी गेले नाही, आणि जुलैत पटावरून माझं नाव गेलं. विचारायला कुणी आलं नाही. माझ्या बाकावर दुसरी मुलगी बसायला लागली, ती आमच्याच चाळीतली होती आणि तिनेच मला हे येऊन सांगितलं. तिला वाटलं, मला आनंद होईल.

भाऊंचा नियमही अशाच गोष्टीतून आला होता. पहिल्या वर्षी त्यांनी न आलेल्या मुलांच्या जागा भरून टाकल्या होत्या. आमच्याकडे मुलं न यायला कारणं पुष्कळ असत. आई बाळंत झाली, गावाहून पाहुणे आले, नळाला पाणी आलं नाही, मोठा भाऊ चप्पल घालून गेला. ती मुलं चार-पाच दिवसांनी परत आली, आपल्या जागी दुसरं कुणी उभं आहे हे बघितलं आणि तशीच घरी गेली. पुन्हा आली नाहीत. दुसऱ्या वर्षापासून भाऊंनी जागा भरणं बंद केलं. ते म्हणायचे, "आला नाही म्हणजे गेला नाही."

तिसऱ्या रांगेत माझी जागा चौथी आणि माझ्या मैत्रिणीची पाचवी. ती गोराईची. तिची आई सकाळी आमच्या बाजूच्या चाळींतून मासळीची पाटी घेऊन फिरायची आणि तेवढा वेळ मुलीला मैदानात सोडायची. पहिल्या दिवशी एका मुलाने नाक दाबलं आणि म्हणाला, "वास येतो."

"वास येतो काय?" मैत्रीण म्हणाली. "आणि दुपारी काटे कोण चोखतो? तुझा बाप?"

पोराने नाकावरचा हात काढला, कारण त्याच्या आईने आदल्याच दिवशी तिच्या आईकडून मांदेली घेतली होती आणि हे सगळ्या चाळीला माहीत होतं. मी त्या दिवसापासून तिच्या शेजारी उभी राहायला लागले. माझ्या तोंडातून तेव्हा शब्द निघत नसे. ती मला लाजरी म्हणायची. "ए लाजरे, तू फक्त वाजव. भांडायचं माझ्यावर सोड."

माझ्या दुसऱ्या वर्षी आईला आणखी एक मुलगी झाली आणि मी आठ दिवस शिबिराला गेले नाही. नवव्या दिवशी गेले तेव्हा पाय उचलत नव्हते. शाळेचं आठवत होतं. मैदानाच्या कोपऱ्यावर उभी राहून आधी लांबूनच बघितलं. तिसऱ्या रांगेत एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी होती आणि माझी मैत्रीण त्या मोकळ्या जागेकडे तोंड करून, वाकून, अगदी मन लावून लेझीम वाजवत होती. मी जाऊन उभी राहिले. भाऊंनी शिट्टी तोंडातून काढली नाही. ती मात्र वाजवता वाजवता म्हणाली, "आलीस? मला वाटलं, लग्नच लावलं तुझं."

त्यानंतर पाच वर्षं मी मे महिन्यातला एक दिवस चुकवला नाही.

या नियमापायी आम्ही एकदा हरलोसुद्धा. पार्ल्याला मोठ्या मैदानात स्पर्धा होत्या. आदल्या दिवशी मैत्रिणीच्या अंगावर गोवर उठला. मुलांनी भाऊंना विनवलं, आजचा दिवस रांग सरकवू या. भाऊ नाही म्हणाले. तेव्हा आम्ही तशीच रांग घेऊन गेलो. हलगी वाजायला लागली आणि वळायची वेळ आली तशी मी वळले आणि मोकळ्या जागेशी वाकून खेळले. समोर बसलेल्या तीन परीक्षकांपैकी एकाने दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघे हसले. आम्हाला नंबर मिळाला नाही. परत येताना मुलं भाऊंशी बोलत नव्हती. सगळ्यांना कप हवा होता. मलाही हवा होता.

बरी होऊन आल्यावर मैत्रिणीला हे कळलं तर ती पोट धरून हसली. "हवेला घेऊन नाचलात आणि हरलात? येडे रे, येडे आहात सगळे." आणि मग जरा वेळाने मला हळूच म्हणाली, "खरंच वळलीस तू? एवढ्या लोकांत?"

"हो."

"लाज नाय वाटली?"

मी म्हटलं, वाटली. तिने माझ्या हातावर गुळाचा अख्खा खडा ठेवला. गूळ तिने वहिनींच्या डब्यातून उचलला होता, हेही लिहून ठेवते.

शिबिराचा एकच फोटो आहे. शेवटच्या वर्षी स्टेशनजवळच्या स्टुडिओतून फोटोवाला बोलावला होता. मैत्रिणीच्या आईने तोवर फिरणं सोडून बाजारात ओटा घेतला होता; त्या दिवशी आईला ताप होता आणि ओट्यावर मैत्रिणीला बसावं लागलं. फोटोवाला काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून ओरडला, "अरे, मध्ये खिंडार आहे, जवळ जवळ या!" कुणी हललं नाही. त्याने भाऊंकडे बघितलं. भाऊ म्हणाले, "काढा तुम्ही." तर त्या फोटोत माझ्या उजव्या हाताला जी जागा आहे, जिच्यातून मागची भिंत दिसते, ती तिची आहे.

पुढे मैदानाचा अर्धा भाग इमारतींत गेला. भाऊ गावी गेले आणि तिकडेच वारले. माझं लग्न झालं, ती आईच्या जागी बाजारात बसायला लागली. मी बोरीवलीतच राहिले. घरोघरी चपात्या करते, पंचवीस वर्षं तेच करते आहे. आणि आठवड्यातून दोनदा मासळी बाजारात जायचे. गर्दीत मला पुढे घुसता येत नाही. ती ओट्यावरून ओरडायची, "सरका रे, तिला येऊ द्या. माझ्या रांगेतली आहे ती!" लोकांना वाटायचं, कसली रांग, रेशनची का? आम्ही दोघी हसायचो. एवढंच. कधी एकमेकींच्या घरी गेलो नाही. मला कधी वाटलंही नाही की जायला हवं. ती तिथे आहे आणि मी इथे, हे ठरलेलंच होतं.

दोन वर्षांपूर्वी श्रावण लागला. आमच्याकडे श्रावणापासून गणपती जाईपर्यंत मासे शिजत नाहीत, त्यामुळे मी बाजाराकडे फिरकले नाही. गौरी-गणपती गेले तशी पिशवी घेऊन निघाले. तिच्या ओट्यावर तिची मुलगी बसली होती. मला वाटलं, मैत्रीण जेवायला गेली असेल.

"आई कुठे गं?"

मुलीने सुरी खाली ठेवली. "आय गेली, मावशी. श्रावणात. हृदयाचं झालं, दोन दिवसांत आटोपली." आणि तीच पुढे म्हणाली, "आय हुशार आमची. गिऱ्हाईक नसताना गेली. एक दिवस धंदा बुडू दिला नाय."

आणि ती हसली, आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला. मागे बायका भावासाठी ओरडत होत्या. मी विचारलं, "तू दुसऱ्याच दिवशी बसलीस?" तर म्हणाली, "बसायलाच लागतं. बाजारात जागा सोडली की गेली. चार जणी टपून असतात."

मी माशांशिवाय घरी आले. चाळीस वर्षं जिला आठवड्यातून दोनदा बघत होते, ती महिनाभर आधी गेली होती, आणि मी घरी वालाची उसळ करत होते. याला कुणाचा दोष नाही हे मला कळतं. तरी राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही, पण अजून आहे.

गेल्या वर्षी शिबिराच्या जुन्या मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. मला माझ्या मुलीने त्यात घातलं. ज्यांनी हे जुळवलं ते तेव्हा दुसऱ्या रांगेत असायचे, आता मोठ्या ऑफिसातून साहेब म्हणून रिटायर झाले आहेत आणि सगळे त्यांना सेक्रेटरी म्हणतात. त्यांनी खटपट करून माणसं शोधली, हे मी मान्य करते. चाळीसातले अकरा गेलेले निघाले. उरलेल्या मैदानाचं आता उद्यान झालंय, तिथे जानेवारीत स्नेहमेळावा करायचा, पुन्हा लेझीम खेळायची आणि गेलेल्यांना पडद्यावर श्रद्धांजली वाहायची असं ठरलं.

श्रद्धांजलीचा मजकूर त्यांनी ग्रुपवर टाकला. अकराही जण मनमिळाऊ, हसतमुख आणि सर्वांचे लाडके. मी तो दोनदा वाचला. दोरीच्या मल्लखांबावर सगळ्यात वर जाणारी मुलगी होती, ती मनमिळाऊ नव्हती, तिचं कुणाशीच पटत नसे आणि म्हणूनच ती वर जाऊन बसायची. पहिल्या रांगेतला तो उंच मुलगा पुढे दारूने गेला. त्याला हसताना मी एकदाच बघितलं, मी शेणात पडले तेव्हा. पण तोच मला हाताला धरून नळावर घेऊन गेला होता. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. माणसं गेली म्हणून त्यांना असं एका साच्यातून काढायचं का? मला ते भांडणारे, चोरणारे, रुसणारेच आठवतात आणि मला तेच हवे आहेत.

मजकुराखाली फोटो होते. दहा जणांचे. माझ्या मैत्रिणीच्या नावापुढे गुलाबाचं फूल होतं आणि लिहिलं होतं, फोटो उपलब्ध नाही.

मी ग्रुपवर कधी लिहीत नाही. त्या दिवशी सेक्रेटरींना वेगळं लिहिलं. एवढ्याशा अक्षरांवर बोट नेमकं पडत नाही, वेळ लागला. लिहिलं की शिबिराच्या फोटोत माझ्या उजव्या हाताला ती आहे. त्यांचं लगेच उत्तर आलं, "तिथे कोणीच नाही." मी लिहिलं, "तीच ती." त्यांनी हसण्याचं चित्र पाठवलं.

नंतर मी बाजारात गेले आणि मैत्रिणीच्या मुलीला मेळाव्याला ये म्हटलं.

"आयचा फोटो लावणार?"

"फोटो नाही मिळाला."

"मग?"

"तिची जागा ठेवणार आहोत. लेझमीत."

हे मी बोलून गेले. कुणी ठरवलेलं नव्हतं, मला कुणी विचारलंही नव्हतं. मुलगी बोंबील साफ करता करता थांबली. "जागा ठेवून काय करणार?"

"ये आणि बघ," मी म्हटलं आणि मागे न बघता निघाले. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला शब्द दिला होता आणि तो माझ्या हातात नव्हता.

पहिल्या सरावाला गेले. उद्यानात आता पेव्हर ब्लॉक आहेत, पण एका बाजूने डोंगर दिसतो. भाऊंच्या घरून त्यांची वही मिळाली होती. तिच्यात रांगांचा नकाशा होता, एकेक चौकोन आणि चौकोनात नाव. सेक्रेटरींनी अकरा चौकोनांवर लाल पेनाने फुल्या मारल्या होत्या. त्यांची सून नाच शिकवते, ती आम्हाला उभं करत होती. मुलगी चांगली आहे. तिने मला हाताला धरून म्हटलं, "काकू, एक जागा पुढे या हं." आणि माझ्या उजवीकडे, मैत्रिणीच्या जागी, दुसऱ्या कुणाची तरी बायको आणून उभी केली.

मी सरकले. हेही लिहिते, कारण ते झालं. माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही आणि मी सरकले. वळायची वेळ आली तर समोर अत्तराचा वास आणि एक अनोळखी, हसरा चेहरा. त्या बाईचा काही अपराध नव्हता. मी लेझीम वाजवली. हात माझे होते, पण वाजवलेलं माझं नव्हतं.

तो आठवडा मी दुसऱ्यांच्या कणका मळत घालवला आणि मनात एकच बोलणं चालू होतं. काय सांगायचं, कसं सांगायचं, सगळं तयार झालं. दुसऱ्या रविवारी मैदानात पाऊल ठेवलं आणि सगळं विसरले. तेव्हा मग मी जाऊन माझ्या जुन्या जागी उभी राहिले. तिसरी रांग, चौथी. नकाशात बघून ठेवली होती. आणि उजवा हात आडवा धरला.

"काकू, पुढे सरका ना," सून म्हणाली.

"नाही."

"का हो?"

"इथे माझी मैत्रीण आहे."

तिने इकडेतिकडे बघितलं. मग मी तिला सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं, भाऊंचा नियम, गोवर, फोटो आणि श्रावण. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "अय्या, मला हे कोणी सांगितलंच नाही." ती सासऱ्यांकडे गेली. सेक्रेटरी शिट्टी गळ्यात अडकवून आले.

"काय झालं गं? सगळे थांबलेत तुझ्यासाठी."

"जागा भरायची नाही," मी म्हटलं.

"अगं, व्हिडिओ काढायचाय. अकरा ठिकाणी खिंडारं ठेवली तर दात पडल्यासारखं दिसेल."

"पडलेतच की!" मागून आवाज आला. तो आमचा हलगी वाजवणारा. पूर्वी काडी होता, आता बस कंडक्टर होऊन रिटायर झालाय आणि हलगी त्याच्या पोटावरच टेकते. "माझे चार पडलेत. मोजून घे."

सगळे हसले. सेक्रेटरी हसले नाहीत. मला बाजूला घेऊन, समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, त्यांना पडद्यावर घेतलंय ना आपण? मान दिलाय. कार्यक्रमाची एक शिस्त असते. तुला ते समजायचं नाही, तुझा दोष नाही त्यात."

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला ते लगेच कळतं.

"शिस्त भाऊंनी शिकवली," मी म्हटलं. "तू तेव्हा दोरीला घाबरून रडत होतास."

तू. तोंडातून निघून गेलं. मोबाइलवर मी त्यांना तुम्ही लिहिलं होतं. त्यांचा चेहरा एकदम दहा वर्षांच्या मुलासारखा झाला. मीच घाबरले. पण आता निघालंच होतं तर म्हटलं, "भाऊंची जागा तू घेतलीस. शिट्टीवाली. घे, कुणीतरी वाजवायलाच हवी. पण ही नाही. हिला फोटो नाही, काही नाही. एवढीच आहे."

सेक्रेटरी म्हणाले, "मग तू बाहेर बस. रांग व्यवस्थित होईल."

"बाहेर बसणार नाही. माझं नावही आहे त्या वहीत."

आणि मी हात आडवा धरून उभी राहिले. बोलायचं सगळं संपलं होतं. लाजऱ्या माणसाला एक गोष्ट चांगली येते, गप्प उभं राहणं. ते मी पन्नास वर्षं केलंय, त्यात मला कुणी हरवू शकत नाही. थोड्या वेळाने हलगीवाला म्हणाला, "अरे, वाजवू का घरी जाऊ? ऊन चढतंय." आणि त्याने वाजवायला सुरुवात केली. त्या रविवारी आम्ही तसेच खेळलो.

मेळाव्याच्या दिवशीही सेक्रेटरींनी सुनेकडून एकदा निरोप पाठवला, जागा भरू दे म्हणून. त्या अत्तरवाल्या बाई साडी नेसून, डोक्याला फेटा बांधून तयार होत्या. माझ्याजवळ येऊन घुटमळल्या. "मग मी कुठे उभी राहू?"

"बाहेरून बघा," मी म्हटलं. "छान दिसतं बाहेरून."

त्या रागावल्या. त्यांचं बरोबर होतं. मी फार वाईट बोलले. पण सरकले नाही.

खेळ काही सुंदर झाला नाही. कुणाचे गुडघे, कुणाचा दम. माझं बघून पहिल्या रांगेतल्या एकाने त्या उंच मुलाची जागा मोकळी सोडली, पण त्याच्या शेजाऱ्याला ते माहीत नव्हतं, आणि दोघांच्या लेझमी एकमेकींत अडकल्या. साखळी सोडवेपर्यंत सगळी रांग खोळंबली. दुसऱ्या रांगेने जागा भरून टाकल्या होत्या, तिच्यात काही फरक पडला नाही. लोक हसत होते. मोबाइल वर धरून काढत होते. हलगीची लय बदलली, आणि मी उजवीकडे वळले. लाज वाटली का? वाटली. पार्ल्याला वाटली होती तेवढीच. मी वाकले आणि मोकळ्या जागेशी वाजवली. पलीकडे सहाव्या जागेवरचा माणूस, जो पूर्वी 'वास येतो' म्हणाला होता, तोही आपल्या डावीकडे वळला होता. आमच्या दोघांच्या मधे ती होती.

व्हिडिओत तिसरी रांग नाही. कापली आहे. माझ्या मुलीने मला मोबाइलवर दाखवलं आणि तिलाच राग आला. मी म्हटलं, असू दे. व्हिडिओसाठी नव्हतंच ते.

कार्यक्रम संपला, खुर्च्या उचलायला लागले, तेव्हा मैत्रिणीची मुलगी मागून पुढे आली. बाजार लवकर उरकून आली होती, केसांत अबोलीचा गजरा. सगळ्यांच्या देखत जवळ यायला लाजत होती. आईसारखी नाही ती.

"मावशी, आय कुठं होती?"

मी तिला हाताला धरून नेलं आणि ब्लॉकवर पायाने दाखवलं. इथून इथपर्यंत. ती बघत राहिली.

"एवढ्यात? आमची आय मावायची नाय."

"तेव्हा मावायची."

ती हसली. मग त्या जागेच्या कडेकडेने एक फेरी मारली, आत पाय न ठेवता. तिला हे काही पटत नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"आणि सगळा खेळ होईपर्यंत अशीच मोकळी होती? कुणी घ्यायला नाय आलं?"

"आले होते."

"मग?"

"दिली नाही," मी म्हटलं.